तोंडाची चव का जाते?

यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी घटकाभर बसले, तर एक तक्रार हमखास कानी पडते. "डॉक्टरसाहेब, तोंडाले चव नाही जी." सांगणारा ती सहजपणे, बहुधा सर्वांत शेवटी सांगतो. ताप, खोकला, अंगदुखी यांच्यापुढे चवीची काय मातब्बरी, अशी त्याची समजूत असते. ऐकणाराही पुष्कळदा ती मनावर घेत नाही. वस्तुतः चव जाणे हा स्वतंत्र रोग क्वचितच असतो. शरीरात अन्यत्र चाललेल्या बिघाडाची ती सूचना असते. ही सूचना वेळीच ओळखली, तर काही प्रसंगी माणसाचा जीव वाचतो. म्हणूनच गावातील शिक्षक, पंचायत सदस्य, ग्रामसेवक आणि आशा कार्यकर्त्या यांनी या विषयाची प्राथमिक माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

एका वाक्यात तीन तक्रारी

'तोंडाला चव नाही' या आपल्या बोलीतील वाक्यात तीन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. पहिली, भूकच लागत नाही, अन्न समोर आले की नकोसे होते. दुसरी, भूक लागते, परंतु जिभेला गोड-खारट कळत नाही. तिसरी, गोड-खारट कळते, पण अन्नाचा स्वाद लागत नाही. वरण आणि कढी सारखीच वाटतात. या तिन्ही तक्रारींची कारणे भिन्न आहेत.

भूक मंदावणे, ज्याला आयुर्वेदात अरोचक असे नाव आहे, ते कावीळ, हिवताप, क्षयरोग यांसारख्या अनेक आजारांत आढळते. अन्न नको वाटण्याबरोबरच दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल, सायंकाळी बारीक ताप येत असेल आणि वजन घटत असेल, तर प्रश्न चवीचा नसून क्षयरोगाच्या तपासणीचा आहे. तेव्हा तक्रार करणाऱ्यास पहिला प्रश्न विचारावा तो हा, की भूक नाही, चव नाही, की वास नाही?

जीभ आणि नाक यांची भागीदारी

भारतीय परंपरेने मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय असे सहा रस मानले. आधुनिक शरीरशास्त्र जिभेच्या मूलभूत चवी पाच मानते. गोड, आंबट, खारट आणि कडू या चार चवी आपल्या परिचयाच्या आहेत. पाचवी 'उमामी' होय. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली ती दाखवून दिली. मांसाचा रस, पिकलेले टोमॅटो यांतील जी भरीव रुची, ती ही.

तिखटपणा या यादीत नाही, याचे वाचकांस नवल वाटेल. मिरचीतील कॅप्सायसिन हे द्रव्य चवीच्या पेशींना नव्हे, तर वेदना आणि उष्णता जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतविते. म्हणूनच चव पूर्णपणे गेलेला माणूसही ठेचा खाल्ल्यावर 'तिखट लागते' असे सांगतो. तेवढ्यावरून त्याची चव शाबूत आहे, असा निष्कर्ष काढू नये.

जिभेवर, टाळूवर आणि घशात मिळून काही हजार रुचिकलिका असतात. त्यांतील पेशी साधारणतः दीड-दोन आठवड्यांत झिजून त्यांची जागा नव्या पेशी घेतात. गरम चहाने पोळलेल्या जिभेची चव काही दिवसांत परत येते, ती यामुळेच. या पेशींना काम करण्यासाठी लाळ लागते, कारण लाळेत विरघळलेला पदार्थच त्यांच्यापर्यंत पोहोचतो. जिभेच्या पुढील दोन-तृतीयांश भागातील संवेदना चेहऱ्याच्या मज्जातंतूची एक बारीक शाखा मेंदूकडे नेते. मागील भागाचे काम दुसऱ्या मज्जातंतूकडे असते.

येथे शिक्षकांसाठी एक दुरुस्ती. टोकावर गोड, कडेला आंबट, मागे कडू, असा जिभेचा नकाशा अनेक पिढ्यांनी पाठ्यपुस्तकांत पाहिला आहे. १९०१ सालच्या एका जर्मन संशोधनाचा चुकीचा अर्थ लावल्यामुळे तो रूढ झाला. प्रत्यक्षात रुचिकलिका असलेल्या जिभेच्या सर्व भागांना सर्व चवी कळतात.

आपण ज्याला अन्नाचा स्वाद म्हणतो, त्याचा मोठा वाटा मात्र नाकाचा असतो. घास चावताना निघणारा गंध घशाच्या मागील बाजूने नाकात वर चढतो. याची खात्री वर्गातही करून घेता येईल. मुलाने नाक चिमटीत धरून बडीशेप चावावी. नुसता गोडसरपणा जाणवेल. मग नाक सोडावे. त्या क्षणी बडीशेपेचा स्वाद तोंडभर पसरेल. चव गेल्याची तक्रार करणाऱ्या पुष्कळ रुग्णांची जीभ ठीक असते; बिघाड नाकात असतो.

घरच्या घरी ढोबळ परीक्षा करायची असल्यास साखरेचे पाणी, मिठाचे पाणी, लिंबाचे पाणी आणि मेथीदाणे भिजविलेले पाणी डोळे मिटून एकेक घोट चाखावे व मध्ये साध्या पाण्याने चूळ भरावी. चारही ओळखता आले, तर संशय नाकावर घ्यावा. ही परीक्षा वैद्यकीय तपासणीची जागा घेऊ शकत नाही. मात्र डॉक्टरांना नेमकी माहिती देण्यास ती उपयोगी पडते.

नाकाकडील कारणे

साधी सर्दी, सायनसची सूज, नाकातील मांसल गाठी यांमुळे गंध अडतो आणि त्याबरोबर स्वाद जातो. २०२० साली कोविडच्या साथीने ही गोष्ट घरोघरी पोहोचविली. त्या वर्षी जूनमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने वास व चव जाणे यांचा समावेश कोविडच्या लक्षणांत केला. नाक चोंदलेले नसतानाही वास नाहीसा होत असे. हा विषाणू नाकाच्या छतालगतच्या गंधपटलातील आधारपेशींवर हल्ला करतो, असे संशोधनातून दिसून आले. बहुसंख्य रुग्णांची संवेदना काही आठवड्यांत परतली. काहींना महिने लागले, तर काहींना परिचित वास विपरीत आणि किळसवाणे भासू लागले.

अशा रुग्णांसाठी गंधाचा सराव हा एक बिनखर्चाचा उपाय आहे. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास दिवसातून दोन वेळा, प्रत्येकी काही सेकंद, लक्षपूर्वक घ्यावयाचे आणि हा क्रम निदान तीन महिने चालू ठेवावयाचा. सर्वांनाच त्याचा गुण येतो असे नाही. परंतु अपाय काही नाही.

डोक्याला मार बसणे हेही महत्त्वाचे कारण आहे. नाकातून मेंदूकडे जाणारे गंधाचे तंतू अत्यंत नाजूक असतात. दुचाकीवरून पडून डोके आपटले, तर ते तुटू शकतात आणि मग वास कायमचा जाण्याचा धोका असतो. शिरस्त्राण वापरण्याचे हे एक कमी ज्ञात कारण होय. वृद्धापकाळी गंधशक्ती सर्वांचीच कमी होते. तथापि कंपवातासारख्या काही मेंदूविकारांत ती हातापायांची लक्षणे दिसण्यापूर्वीच मंदावते, हेही ध्यानात असावे.

तोंडातील कारणे आणि खर्रा

विदर्भाच्या, आणि विशेषतः आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत गंभीर कारण तोंडातच आहे. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून तयार केलेला खर्रा हा येथील चौकाचौकांत आणि शेताच्या बांधावर नित्याचा झाला आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सुमारे एक-चतुर्थांश प्रौढ तंबाखूचे सेवन कोणत्या ना कोणत्या रूपात करीत होते आणि त्यांत चघळण्याच्या तंबाखूचे प्रमाण फार मोठे होते.

तंबाखूने जिभेची संवेदना बोथट होते, हे सर्वश्रुत आहे. सुपारीचा अपाय मात्र अनेकांना ठाऊक नसतो. सुपारीतील द्रव्यांमुळे तोंडाच्या आतील मऊ अस्तराखाली ताठ तंतू साठू लागतात. भारतात या विकाराचे वर्णन १९५३ साली प्रसिद्ध झाले. आरंभी तिखट खाल्ले की तोंडाची आग होते. मग तोंड कोरडे पडते, चव कमी होते, गालाचे अस्तर पांढुरके व कडक बनते, जीभ पुरेशी बाहेर येत नाही आणि तोंड उघडणे दिवसेंदिवस अवघड होते. हा विकार पुढे कर्करोगाकडे वळू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविरहित सुपारीसदेखील मानवामध्ये कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत गणले आहे. 'मी तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी खातो' या समाधानात म्हणूनच तथ्य नाही.

याची परीक्षा सोपी आहे. स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. निरोगी माणसाच्या तोंडात ती सहसा मावतात. दोनच मावत असतील, किंवा तोंडात पांढरा अथवा लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर विलंब न करता दंतवैद्याकडे अथवा आरोग्य केंद्रात जावे. शासनाच्या असंसर्गजन्य रोग कार्यक्रमाखाली तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची मुखकर्करोगाची तपासणी केली जाते, तिचा लाभ घ्यावा. कर्करोग लवकर सापडला, तर बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते. उशीर झाला, तर शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांत चवीसह बरेच काही गमवावे लागते.

याशिवाय हिरड्यांचे रोग, तोंडातील बुरशी, टाळू झाकणारी कवळी आणि लाळ कमी होणे यांमुळेही चव जाते. दात-जीभ स्वच्छ ठेवणे आणि पुरेसे पाणी पिणे एवढ्यानेही काहींना आराम पडतो.

आहार, औषधे आणि अन्य आजार

जस्त, लोह आणि जीवनसत्त्व ब-१२ यांची उणीव झाली की चवीवर परिणाम होतो. लोह अथवा ब-१२ कमी असल्यास जीभ लाल, गुळगुळीत व दुखरी होते. निव्वळ शाकाहारी आणि दूधही बेताचे, अशा आहारात ब-१२ कमी पडण्याचा संभव असतो.

ज्वारी पिकविणाऱ्या प्रदेशाने एक जुना धडा विसरू नये. नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा पेलाग्रा हा विकार दख्खनच्या पठारावर जवळजवळ केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब मजुरांत आढळत असे. उन्हाला उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, जुलाब आणि सोललेली लालभडक जीभ ही त्याची लक्षणे होत. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतील डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीतील ल्युसिन या घटकाशी त्याचा संबंध मांडला. हा विकार आता विरळा झाला आहे. दोष ज्वारीचा नव्हता; ताटात ज्वारीखेरीज दुसरे काही नसण्याचा होता. भाकरीबरोबर तुरीचे वरण, पालेभाजी, शेंगदाणे, दूध वा अंडी असली, तर ज्वारी हे उत्तम अन्न आहे.

मधुमेह, मूत्रपिंडाचे व यकृताचे विकार आणि थायरॉइड ग्रंथीची मंदता यांतही चव बदलते. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की तोंडाला धातूसारखी चव व उग्र दर्प येतो. चेहऱ्याचा अर्धा भाग अचानक लुळा पडल्यास त्याच बाजूच्या जिभेची चव जाऊ शकते, कारण चव नेणारी शाखा त्याच मज्जातंतूची असते. अशा प्रसंगी 'वारे लागले' म्हणून झाडफुंकीत वेळ घालवू नये. हा पक्षाघातही असू शकतो, म्हणून रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

कित्येक औषधांनीही तोंड कडू किंवा धातूसारखे होते. जुलाबावर दिले जाणारे मेट्रोनिडाझोल, मधुमेहावरील मेटफॉर्मिन, रक्तदाबावरील कॅप्टोप्रिल आणि कर्करोगावरील अनेक औषधे यांत मोडतात. येथे मोठा धोका असा, की चव बिघडते म्हणून रुग्ण औषध परस्पर बंद करतो. क्षयरोग, मधुमेह किंवा रक्तदाब यांचे औषध मनाने थांबविणे जिवावर बेतू शकते. तक्रार डॉक्टरांना सांगावी. बहुतेक वेळा मात्रा किंवा औषध बदलता येते.

चव आणि वास हे घराचे पहारेकरी

चव जाण्याने काय बिघडते, असा प्रश्न कोणी विचारील. पहिले म्हणजे ज्याला चव लागत नाही, तो मीठ आणि साखर वाढवीत जातो. घरातील वडीलधारी माणसे भाजीवर वरून मीठ घेतात, त्यामागे पुष्कळदा मंदावलेली चव असते. दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; रक्तदाबाच्या रुग्णाला जादा मिठाची किंमत मोजावी लागते. अशांच्या जेवणात लिंबू, आमसूल, कोथिंबीर, जिरे, लसूण यांचा वापर वाढवून मीठ कमी ठेवता येते. दुसरा काही अन्नच कमी करतो आणि खंगत जातो.

वास न येणाऱ्यास आंबलेले अन्न कळत नाही, जळण्याचा वास येत नाही. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात फारसा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. ज्या घरातील गृहिणीचा वास गेला आहे, तेथे ही सूचनाच निरुपयोगी ठरते. अशा घरी रेग्युलेटर रात्री न चुकता बंद करणे आणि नळीची तपासणी इतरांनी करणे आवश्यक आहे.

कापसाच्या या जिल्ह्यात आणखी एक धोका आहे. २०१७ च्या खरीप हंगामात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यातील वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचा बळी घेतला आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. वास न येणाऱ्या माणसाला कपड्यावर सांडलेले वा पंपातून गळणारे औषध चटकन कळत नाही. म्हणून त्याला फवारणीचे काम देऊ नये. वास येतो म्हणून आपण सुरक्षित, असेही कोणी समजू नये, कारण ही विषे कातडीवाटेही शरीरात शिरतात. फवारणी चालू असताना त्याच हातांनी खर्रा किंवा बिडी तोंडात घालणे म्हणजे विष स्वतः घेणे होय.

फवारणीनंतर तोंडाला एकसारखे पाणी सुटणे, घाम फुटणे, मळमळणे, डोळ्यांपुढे धूसर दिसणे, दम लागणे यांपैकी काहीही झाले, तर ती 'चव बिघडण्याची' किरकोळ बाब नसते. कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाची बाटली किंवा वेष्टन सोबत न्यावे. त्यावरून डॉक्टरांना योग्य प्रतिविष निवडता येते.

गावाने करावयाच्या गोष्टी

चव किंवा वास अचानक गेला आणि सर्दी ओसरूनही दोन आठवड्यांत परतला नाही, तर तपासणी करावी, एवढा एक नियम गावात रुजविला तरी पुष्कळ साधेल. डॉक्टरकडे जाताना तक्रार केव्हा सुरू झाली, त्यापूर्वी ताप, मार अथवा नवे औषध यांपैकी काय घडले, आणि खर्रा-तंबाखूचे व्यसन किती वर्षांचे, हे सांगावे. चालू औषधांच्या पट्ट्या बरोबर न्याव्यात. आरोग्य केंद्रातून गरजेनुसार यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पुढील उपचारांसाठी पाठविण्यात येते.

पंचायतींच्या हाती कायद्याचे बळ आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास मनाई आहे आणि गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी घालण्यात आली. ग्रामसभेने शाळेच्या परिसराची पाहणी करावी. शिक्षकांनी बडीशेपेच्या प्रयोगाबरोबर तीन बोटांची परीक्षाही मुलांना शिकवावी. मुले ती घरी जाऊन वडिलांवर, काका-आजोबांवर करून पाहतील, आणि मुलाने विचारलेला प्रश्न टाळणे मोठ्या माणसांना अवघड जाते. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा आहे.

जिभेवरची चव ही चैनीची वस्तू नव्हे. काय गिळावे आणि काय थुंकावे, हे सांगणारी ती शरीराच्या दारावरची राखण आहे. राखणदार अबोल झाला, तर आत काय घडले, याचा शोध घेणे हे घरच्यांचे काम होय. आपल्या गावात यापुढे कोणी 'तोंडाले चव नाही जी' असे म्हणाले, तर त्याला बसवून घ्यावे, दोन प्रश्न विचारावेत आणि तोंड उघडून दाखविण्यास सांगावे. एवढ्या चौकशीतून एखाद्याचा आजार वेळीच उमगला, तर त्या घराचा कर्ता माणूस वाचेल.